कोशिंबावरचा काटाकिडा

ओझरच्या विमान कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. दिवसभर भिंग डोळ्याला लावून रिव्हेटांभोवतीचे केसाएवढे तडे शोधायचे. तडा दिसला की लाल टॅग बांधायचा, कारण लिहायचं आणि खाली सही करायची. आठ तास असं बारीक बघून घरी आलं की डोळे काही चपलांसारखे दाराशी काढून ठेवता येत नाहीत. मग इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत मी जे दिसेल ते बघत सुटायचो. ओट्यावरच्या मुंग्या, गव्हातले सोंडे, कुंडीतल्या मातीतले ते पांढरे उड्या मारणारे जीव. बायको म्हणायची, "अहो, माणसानं किती बारीक बघावं याला काही सुमार?"

बोलायची तशी, पण यायची माझ्याबरोबर. ती मराठी शाळेत बाई होती. अक्षर असं सुरेख, की शाळेचे सगळे फलक मुख्याध्यापक तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. आमच्या या उद्योगात लेबलं लिहायचं काम आपोआपच तिच्याकडे आलं. किडा स्पिरिटच्या बाटलीत टाकला की करंगळीच्या नखाएवढ्या कागदावर जागा आणि तारीख लिहून तो कागदही आत सोडायचा. ही लेबलं पुढंमागं परप्रांतातल्या जाणकारांना दाखवावी लागली तर, म्हणून आकडे इंग्रजीत लिहायचे असं मी तिला बजावून ठेवलं होतं. वर्ष मात्र खोक्यावर लिहायचं, कारण तेवढ्याशा कागदावर ते मावायचं नाही.

सुट्टीच्या रविवारी सीबीएस स्टँडवरून पहिली सुरगाण्याची एसटी, पुढं जीप. जीप म्हणजे आत बारा आणि बाहेर लटकलेले सहा! नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारे एक दादा तिथल्या पाड्यावर आमच्या ओळखीचे झाले होते. त्यांच्या घरामागून ओढ्याची घळ सुरू व्हायची. पुस्तकात वर्षावनाची चित्रं असतात, तसं ते जंगल बारमाही हिरवं नव्हतं. पण घळीत शिरलं की झाडांवर झाडं, वेलींवर वेली, आणि प्रत्येक पानामागं कोणी ना कोणी राहायला आलेलं. आमचं हत्यार म्हणजे एक जुनी काळी छत्री. ती फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीनं दोनदा थोपटायचं. छत्रीत जे पडेल ते, मध्ये फडकं बसवलेल्या सलाइनच्या नळीनं तोंडानं अलगद ओढून होमिओपॅथीच्या बाटलीत. लोक देवळात जाऊन येतात तसे आम्ही रविवारी तिथं जाऊन यायचो आणि आठवडाभर खूश असायचो.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची दिवाळी. सुट्टीत मी वर्षभराच्या बाटल्या घेऊन बसलो होतो. एकेक बाटली पांढऱ्या बशीत ओतायची, भिंगाखाली निवडायची. एका बाटलीतून निघाल्या मुंग्या, एक कोळ्याचं पिल्लू आणि एक तुटका काटा, गुलाबाचा असतो तसा. तीन मिलिमीटरचा. कचरा म्हणून मी तो चिमट्यानं बाजूला सारला आणि ओरडलोच.

"अगं ए! इकडे ये! या काट्याला पाय आहेत!"

ती चकलीच्या पिठाचे हात घेऊन आली, भिंगातून बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "आहेत की. सहा."

काय सांगू तुम्हाला त्या किड्याचं! द्राक्षाच्या पानावर तुडतुडे असतात ना, त्यांच्याच नात्यातला. पण पाठीवर दोन शिंगं, आणि मागं थेट पंखांच्या टोकापर्यंत गेलेलं एक अणकुचीदार शेपूट. रंग तांबूस. आम्ही त्याचं नाव काटाकिडा ठेवलं. माझ्याकडच्या पुस्तकांत असले पुष्कळ होते, हा नव्हता. बाटलीतलं लेबल मी काचेतूनच वाचलं: सुरगाणा, ओढा, 23.8. रजिस्टरमध्ये नोंद केली आणि किडा लेबलासकट दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या सरांना पाठवून दिला. या जातीच्या किड्यांत त्यांचा हात धरणारं देशात कोणी नव्हतं.

महिन्याभरानं पत्र आलं. ही मादी आहे, सरांनी लिहिलं होतं, आणि अशी मी आजवर पाहिलेली नाही. पण नुसत्या मादीवरून जात ठरत नाही. नराच्या पोटाच्या टोकाची रचना बघावी लागते. नर मिळवा. आणि तारीख, जागा पक्की आहे ना? नोंद कच्ची असेल तर तो फक्त एक मेलेला किडा.

ते पत्र हातात घेऊन मी घरभर नाचलो. शेजारच्यांनी विचारलं, बढती मिळाली का? म्हटलं, त्याहून मोठं!

पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं घळीत हजर. पाऊस असा, की समोरची टेकडी सकाळपासून दिसली नव्हती. पंचाईत काय झाली सांगतो. छत्री एकच. सरळ धरली तर किडे मिळत नाहीत, आणि उलटी धरली तर आपण भिजतो आणि छत्रीत तळं साचतं. दिवसभरात आम्ही ऐंशीएक फांद्या झटकल्या असतील. मिळाल्या गोगलगायी.

"अहो, या पावसात एवढासा जीव टिकेल का पानावर?" ती पदर पिळत म्हणाली. "मला तर आपण तेव्हा उन्हात होतो असं वाटतंय. मला घाम आठवतोय."

"लेबल काय म्हणतं? आठ म्हणतं. आणि अक्षर कोणाचं? तुझं."

स्वतःच्या अक्षरावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता. खरं लेबल सरांकडं, घरी फक्त माझं रजिस्टर, त्यामुळे पुन्हा बघायचीही सोय नव्हती. आपण आठ लिहिलंय म्हणजे आठच असणार, असं तिनं मनाशी धरलं.

दुसऱ्या ऑगस्टलाही तेच. दादा ओसरीवरून आमची गंमत बघायचे. म्हणाले, "सायेब, आता काय नाय मिळायचं. पाला जून झालाय. कवळा असतो तवा किडामुंगी लय येती." मी हो-हो म्हटलं आणि ऐकलं काही नाही. कारखान्यात कागदावर लिहिलंय तेच खरं मानायची सवय. ओसरीवरून कोणी काय म्हणतं, ते तपासणी खात्यात धरत नाहीत.

परतीच्या एसटीत माझं डोकं फिरलेलं होतं. चिखलानं भरलेले बूट मांडीवर घेऊन मी तिला म्हणालो, "तू लेबलांची अदलाबदल केलीस. दुसऱ्या बाटलीचं लेबल या बाटलीत टाकलंस. दुसरं कारणच नाही."

"मी?"

"मग काय मी?"

दिंडोरीच्या स्टँडवर तिनं डब्याची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतेय. एकाची वही दुसऱ्याला दिलेली नाही अजून."

त्यानंतर ती सुरगाण्याला आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. रविवारी डबा भरून द्यायची आणि म्हणायची, जाऊन या. तिसऱ्या ऑगस्टला मी एकटा गेलो. एका पानाखाली सोनेरी भुंगेरा सापडला, असला देखणा की बस! मी हर्षानं मागं वळलो, बघ बघ म्हणालो, आणि मागं कोणीच नव्हतं. पाय सहा आहेत हे सांगायलाही कोणी नाही. मजा गेली. भुंगेरा तसाच सोडून दिला.

पण खोड जाते थोडीच! घरी आल्याआल्या रजिस्टर उघडलं आणि काटाकिड्याच्या नोंदीपुढं लाल शाईनं लिहिलं, "लेबल संशयास्पद". खाली सही. तिला सांगितलं, यापुढं लेबलं मी लिहीन. ती चहा घेऊन आली होती. तिनं ती ओळ वाचली. लेबलं लिहायचा तिचा बारीक टोकाचा पेन टेबलावर पडला होता, तो तिनं टोपण लावून ड्रॉवरमध्ये ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली.

थोड्या दिवसांनी सरांचं पत्र आलं. येत्या मे महिनाअखेर मी निवृत्त होतोय, त्यांनी लिहिलं होतं, तोवर नर आला तर ठीक, नाही तर तुमची मादी 'जात अनिश्चित, नोंद संशयास्पद' असं लिहून परत पाठवतो. ते शब्द मीच त्यांना कळवले होते. आता ते मला परत वाचवेनात. कारण ती नोंद नुसती किड्याची नव्हती, बायकोच्या हातची होती, आणि ती खोटी म्हणून कायमची जाणार होती.

मग आला एप्रिल. संध्याकाळची वेळ. ती जमिनीवर प्रगतिपुस्तकं मांडून बसली होती. १ मे रोजी निकाल, त्यामुळे घाई. मी नुकताच ड्यूटीवरून आलेलो. ती म्हणाली, जरा मार्क वाचून दाखवा, मी बेरजा जुळवते. मी चष्मा न लावताच एक प्रगतिपुस्तक उचललं.

"मराठी बावीस. गणित त्र्याऐंशी."

"त्रेचाळीस!" ती म्हणाली. "उगाच पोराला चाळीस मार्क वाढवू नका."

"त्र्याऐंशी लिहिलंयस तू."

तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "हे बघा. ४३. हा चार आहे."

"हा चार आहे?"

"मग काय आठ?"

मी चष्मा शोधला, लावला, भिंग आणलं, आणि त्या प्रगतिपुस्तकावर ओणवा झालो. मराठी चार. बारीक काढला, वरची दोन टोकं जरा जवळ आली, की अगदी इंग्रजी आठ! आणि दोन न् तीन तर दोन्हीकडं सारखेच. म्हणजे लेबलावर होतं २३.४! वीस वर्षं इंग्रजी ड्रॉइंगं वाचून वाचून माझ्या डोळ्यांनी मराठी चार ओळखायचं सोडलं होतं. मराठी माणूस, मराठी शाळेत शिकलेला, बायको मराठी शाळेत बाई!

"जुनी कॅलेंडरं कुठं आहेत?" मी किंचाळलो.

"कपाटामागं. पण झालं काय?"

ती कॅलेंडरं टाकत नसे. दुधाचे खाडे, पाहुणे, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं असायचं. त्या वर्षाचं ओढून काढलं. २३ ऑगस्ट: बुधवार. बुधवारी मी कुठं असतो? ओझरला! तड्यांवर लाल टॅग बांधत! आता एप्रिल. २३ एप्रिल: रविवार. आणि चौकोनात तिच्या त्याच सुरेख अक्षरात: "सुरगाणा. कोशिंब लालभडक. थालीपीठं."

साडेतीन वर्षं ते कॅलेंडर माझ्यापासून चार हातांवर होतं.

तिनं त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तेव्हाही प्रगतिपुस्तकंच चालली होती. हाताला मराठी आकडे बसलेले. तुम्ही इंग्रजीत लिही म्हणाला होतात, ते त्या दिवशी राहूनच गेलं." म्हणजे बघा, तिनं आधी स्वतःकडची बाजू कबूल केली. मी काय करायला हवं होतं? माफी मागायला हवी होती. ते सोडून मी विचारलं, "आज तारीख किती?"

एकवीस! एप्रिल! दादा म्हणत होते तो कवळा पाला हाच! कोशिंबाला नवी पालवी येते ती लाल असते, आणि महिन्याभरात ती हिरवी पडते. म्हणजे आता नाही तर थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर सर निवृत्त. रविवारी पहिली एसटी, मी जाहीर केलं.

"जाऊन या," ती प्रगतिपुस्तक उघडत म्हणाली. "लेबलं आता तुम्हीच लिहिता."

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तीन दिवस मी घरात दबकून वावरलो. रविवारी पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात तवा चढलेला, आणि ती बूट घालून तयार. "थालीपीठाचा डबा मी धरते," ती म्हणाली. "छत्री तुम्ही घ्या." जीव भांड्यात पडला माझा.

घळ ओळखू येईना. जिथं कमरेएवढं पाणी असायचं तिथं दगड आणि दोन डबकी. पायाखाली सागाची पानं पापडासारखी वाजत होती. आणि कोशिंबं? सगळी हिरवी! एक, दोन, पाच झाडं बघितली. हिरवीगार! दादा मागून येत होते. मी त्यांना विचारलं, आणि या वेळी ऐकलंही. "वरच्या अंगाला एक हाय," ते म्हणाले. "ते दरसाल उशिरा फुटतं. लाल आसंल अजून."

होतं! अहो, काय लाल होतं ते! ऊन मागून येत होतं आणि सबंध झाड पेटल्यासारखं. मी छत्री उघडून धावलो. बायकोनं मात्र झाडाकडं बघितलंच नाही. ती खोडापाशी वाकली होती.

"अहो, या मुंग्या वर कशाला चालल्यात?"

ती बोट टेकवत टेकवत मुंग्यांच्या रांगेमागून गेली. खोडावरून फांदीवर, फांदीवरून डहाळीवर, डहाळीवरून कोवळ्या लाल देठावर. आणि तिथं थांबली. "काटे," ती हळूच म्हणाली. "कोशिंबाला काटे नसतात ना?"

देठावर सात काटे ओळीनं बसले होते, आणि मुंग्या त्यांना कुरवाळून त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस पीत होत्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आठवा काटा तोच!

छत्री कोरडी, काठी तयार. थोपटलं. पडले छत्रीत, आणि पडल्यापडल्या टुणटुण उड्या! एक इकडं, एक तिकडं, एक माझ्या चष्म्यावर. सगळ्या माद्या, जाड शिंगांच्या. मी वैतागून काठी टाकणार इतक्यात ती म्हणाली, "हा बारका बघा. काळपट. शिंगं पण बारीक." तो बारका उडाला आणि थेट तिच्या खांद्यावर जाऊन बसला.

"हलू नकोस! श्वास घेऊ नकोस!"

ती पुतळ्यासारखी उभी. मी नळीचं एक टोक तोंडात धरलं, दुसरं तिच्या खांद्याशी नेलं, आणि ओढलं. खांदा रिकामा.

"गिळलात?" तिनं विचारलं.

नळी उन्हात धरली. मधल्या फडक्याशी तो बसला होता, शाबूत, रागावलेला. मग मी जो ओरडलो, तो ऐकून दादा काठी घेऊन पळत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

ते लेबल मी लिहिलं. महिन्याचा आकडा घातलाच नाही. अक्षरांत 'एप्रिल' लिहिलं, आणि कोणी पकडला त्याजागी तिचं नाव. ती थालीपीठ खात खात बघत होती. अक्षर गचाळ आहे, म्हणाली.

किडा पाठवला, बरोबर पत्रात सगळा चार-आठचा घोळ लिहिला. मे संपायला आठवडा असताना सरांचं उत्तर आलं. नर आहे. जात नवी नाही. फार पूर्वी कोणा साहेबानं एका मादीवरून तिचं नाव ठेवलंय, पण हिचा नर आजवर कोणाला मिळाला नव्हता. तुमच्या पत्नीचं पहिलं लेबल मी आज पुन्हा बघितलं. ते बिनचूक आहे. दोन्ही नमुने संग्रहात ठेवतोय, कलेक्टर म्हणून त्यांच्या नावानं. ही शेवटची ओळ मी गच्चीत मोठ्यानं वाचली, आणि पुढं वर्षभर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे, वहिनी कलेक्टर झाल्या!

त्याच संध्याकाळी मी रजिस्टर काढलं. तपासणी खात्यात एक नियम असतो. चुकून लाल टॅग लावला तर तो फाडायचा नाही, खोडरबर लावायचं नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, कारण लिहायचं, आणि ज्यानं लावला त्यानंच पुन्हा सही करायची. मी 'लेबल संशयास्पद'वर एक रेघ मारली. महिनाभर मनात घोळवलेली माफी काही केल्या तोंडातून निघत नव्हती, म्हणून तीच कारण म्हणून लिहिली: "चुक लेबलाची नाही. वाचणाऱ्याची." सही केली आणि रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून ड्रॉवर उघडला, तो बारीक टोकाचा पेन काढला, टोपण काढलं, आणि माझ्या पहिल्याच शब्दातला उकार दुरुस्त करू लागली.

"अगं, 'चुकीचा'मध्ये ऱ्हस्वच असतो ना?" मी म्हणालो.

"ते वेगळं." तिनं उकार नीट वळवला आणि शाई वाळायला फुंकर घातली. "साडेतीन वर्षं चाललेली चूक, अहो. ती ऱ्हस्व कशी असेल?"